प्युअर डेटाच्या पॅचमधून व्हीएलसी चालवताना

ध्वनी प्युअर डेटा या, चौकटी वायरींनी जोडून आवाज घडवायच्या प्रोग्रॅममधून आणि मागच्या पडद्यावरचा व्हिडिओ व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमधून, ही जोडी लहान नाट्यगटांना, प्रदर्शनं लावणाऱ्यांना आणि गणपतीचा देखावा उभारणाऱ्या मंडळांना सहज परवडते. दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतात. अडचण येते ती प्रत्यक्ष प्रयोगात. ध्वनीचं बटण एका खिडकीत, व्हिडिओचं दुसऱ्या खिडकीत किंवा थेट दुसऱ्या संगणकावर, आणि दोन्ही एकाच क्षणी दाबायची असतात. त्यासाठी दोन माणसं बसवण्यापेक्षा पॅचनेच, म्हणजे प्युअर डेटामधल्या चौकटींच्या मांडणीनेच, व्हीएलसीला सांगावं, हे केव्हाही बरं. व्हीएलसीमध्ये तशी सोय पूर्वीपासून आहे, पण फार लोक तिच्या वाटेला जात नाहीत.

हा लेख नवख्यांसाठी आहे. प्युअर डेटा, म्हणजे सगळे ज्याला पीडी म्हणतात ते, उघडून एखादा आवाज वाजवून पाहिला असेल तर तेवढं पुरे. नेटवर्कचं काहीच माहीत नसलं तरी चालेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. इथे ऑब्जेक्टची नावं आणि आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी लिपीत, सगळी अक्षरं लहान ठेवून टाइप करायच्या. आकडेही इंग्रजीच.

दोन्ही बाजूंची थोडी ओळख

पीडी मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात लिहिलं. त्याआधी, १९८० च्या दशकात, पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेत असताना त्यांनी मॅक्स या अशाच प्रोग्रॅमची सुरुवात केली होती, म्हणून दोघांचा तोंडवळा इतका सारखा. व्हीएलसीचं मूळही पॅरिसकडेच. इकोल सॉंत्रालच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली कॅम्पसच्या नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवण्याचा प्रकल्प हाती घेतला, त्यातून तो वाढला आणि २००१ साली जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला झाला. थोडक्यात, नेटवर्क हा व्हीएलसीचा जन्मापासूनचा विषय आहे.

पीडीची मूळ, म्हणजे व्हॅनिला, आवृत्ती घ्या आणि ती अलीकडची असू द्या. कुणाच्या जुन्या संगणकावर पीडी-एक्स्टेंडेड असेल तर त्यावर हे करायला जाऊ नका. त्याचं काम २०१३ च्या सुमाराला थांबलं आणि आपल्याला लागणारी सोय त्यात नाही. व्हीएलसी तीनच्या मालिकेतला कुठलाही चालेल.

पीडीमध्येच व्हिडिओ का दाखवू नये, असा प्रश्न कुणीही विचारेल. जेम नावाची जोड घेतली तर दाखवता येतो, आणि चित्रावर प्रक्रिया करायची असेल तर तोच रस्ता योग्य. पण नुसती फाइल पडद्यावर चालवायची असेल तर व्हीएलसीला तोड नाही. समोर येईल तो फॉरमॅट तो वाचतो, आणि स्वतंत्र प्रोग्रॅम असल्यामुळे जड व्हिडिओने पीडीचा आवाज तुटण्याचा धोकाही कमी राहतो.

व्हीएलसीचा दरवाजा उघडणं

बाहेरून आज्ञा घेण्याचे व्हीएलसीकडे बरेच मार्ग आहेत. ब्राउझरमधून चालवायचं वेब इंटरफेस आहे, टेलनेट आहे आणि साध्या मजकुराच्या ओळी ऐकणारं रिमोट कंट्रोल इंटरफेस आहे. नवशिक्याने हे शेवटचं धरावं. वेबच्या मार्गाला पासवर्ड लागतो आणि प्रत्येक आज्ञेबरोबर एचटीटीपीची अख्खी विनंती रचावी लागते. रिमोट कंट्रोलला एक शब्द आणि एक एंटर एवढंच पाठवायचं असतं.

विंडोज किंवा लिनक्सवर कंट्रोल-पी दाबून प्रेफरन्सेस उघडा. खाली डाव्या कोपऱ्यात शो सेटिंग्जखाली सिंपल निवडलेलं असतं, ते बदलून ऑल करा. डावीकडच्या यादीत इंटरफेस, त्याखाली मेन इंटरफेसेस. उजवीकडे खूण करायचे काही चौकोन दिसतील आणि त्यांच्याबरोबर मजकुराची एक रिकामी पट्टी. त्या पट्टीत ओल्डआरसी हा शब्द, म्हणजे या रिमोट कंट्रोल इंटरफेसचं नाव, जोडून लिहा: ओ, एल, डी, आर, सी. नंतर मेन इंटरफेसेसखालचं आरसी उघडा. तिथे टीसीपी कमांड इनपुट या रकान्यात १२७.०.०.१:४४४४ भरा. विंडोजवर याच पानावर डॉस खिडकी उघडू नये असा एक पर्याय आहे, त्यावर खूण करा, नाहीतर दरवेळी एक काळी खिडकी सोबतीला येईल. सेव्ह करून व्हीएलसी पूर्ण बंद करा आणि पुन्हा सुरू करा.

१२७.०.०.१ म्हणजे 'हाच संगणक'. ४४४४ हा पोर्ट, म्हणजे त्या संगणकावरच्या दरवाजाचा क्रमांक, मी सोयीसाठी घेतला आहे. १०२४ च्या पुढचा, दुसरं कुणी न वापरलेला कुठलाही चालतो. ४२१२ मात्र टाळा, व्हीएलसीचं टेलनेट इंटरफेस नेहमी तिथे बसतं.

आधी पीडीशिवाय तपासा

ही पायरी गाळू नका. पुढे काही अडलं तर दोष पॅचमध्ये आहे की व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये, हे तिच्यामुळेच कळतं. लिनक्स किंवा मॅकवर टर्मिनल उघडून एनसी, मोकळी जागा, १२७.०.०.१, मोकळी जागा, ४४४४ असं लिहून एंटर दाबा. विंडोजवर पुटी घ्या आणि जोडणीचा प्रकार रॉ निवडा. आता हेल्प लिहून एंटर दाबलंत की आज्ञांची लांबलचक यादी यायला हवी. व्हीएलसीमध्ये एखादा व्हिडिओ लावून इकडून पॉज लिहा. चित्र थांबेल. पुन्हा पॉज, पुन्हा चालू.

यादीत क्विट आणि लॉगआउट अशा दोन आज्ञा दिसतील. लॉगआउटने फक्त तुमची जोडणी सुटते. क्विटने अख्खा व्हीएलसी बंद होतो, तेव्हा तो शब्द पॅचमध्ये आणूच नका.

तपासून झालं की ही जोडणी बंद करा. हे मी मुद्दाम ठळकपणे सांगतोय, कारण इथे लोकांचा खूप वेळ जातो. ओल्डआरसी एका वेळी एकाच पाहुण्याचं ऐकतं. टर्मिनलची खिडकी मागे उघडी राहिली असेल तर पीडी जोडलं गेल्याचं दाखवतं, आज्ञाही निघून जातात, पण व्हीएलसी हलत नाही आणि चुकीचा संदेशही कुठे दिसत नाही.

पहिला पॅच

पीडीमध्ये नवी खिडकी उघडा. कंट्रोल-१ ने ऑब्जेक्टची चौकट येते, कंट्रोल-२ ने मेसेजची. एका ऑब्जेक्टमध्ये नेटसेंड लिहा, मोकळी जागा सोडा आणि उणे चिन्हाला चिकटून बी लिहा. सगळा खेळ या उणे-बीवर आहे, त्याचं कारण लगेच सांगतो.

त्याच्या वर दोन मेसेज ठेवा. एकात कनेक्ट, पुढे १२७.०.०.१, पुढे ४४४४, सगळ्यांमध्ये मोकळी जागा. दुसऱ्यात नुसतं डिसकनेक्ट. दोन्हींच्या वायरी नेटसेंडला जोडा. नेटसेंडच्या डाव्या आउटलेटला एक टॉगल जोडा, जोडणी झाली की त्यात फुली उमटते. उजव्या आउटलेटला प्रिंट जोडा, व्हीएलसीची उत्तरं तिकडून येतील. लोकलहोस्ट हा शब्द न लिहिता मी आकड्यांचा पत्ता दिला आहे, कारण काही संगणकांवर त्या शब्दाचा अर्थ आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा पत्ता असा लावला जातो आणि व्हीएलसी तिथे ऐकत नसतो.

आता तिसरा मेसेज:

सेंड ११२ ९७ ११७ ११५ १०१ १०

तोही नेटसेंडला जोडा. कंट्रोल-ई ने एडिट मोडमधून बाहेर या, कनेक्टवर क्लिक करा, टॉगलमध्ये फुली दिसली की या आकड्यांवर क्लिक करा. व्हिडिओ थांबला पाहिजे.

हे आकडे म्हणजे पॉज शब्दाच्या पाच इंग्रजी अक्षरांचे आस्की क्रमांक: पी ११२, ए ९७, यू ११७, एस ११५, ई १०१. शेवटचा १० म्हणजे एंटर. लहान ए ९७ पासून झेड १२२ पर्यंत क्रमाने मोजत गेलात की कुठलाही शब्द तयार करता येतो. मोकळी जागा ३२.

शब्द सरळ न लिहिता आकडे का? पीडीची स्वतःची एक बोली आहे, फूडी नावाची. उणे-बी न लावता सेंड पॉज पाठवलं तर पीडी आपल्या रिवाजाप्रमाणे शब्दाच्या शेवटी अर्धविराम लावतं आणि मग ओळ मोडतं. दुसऱ्या बाजूला पीडीच असेल तर तेच हवं असतं. व्हीएलसीला मात्र शेपटाला अर्धविराम लागलेला शब्द मिळतो, त्या नावाची आज्ञा त्याच्याकडे नसते आणि तो 'अननोन कमांड' म्हणून मोकळा होतो. पाठवणाऱ्याला पॅच निर्दोष वाटतो, कारण त्यात अर्धविराम कुठेच दिसत नाही. उणे-बी लावलं की पीडी स्वतःच्या मनाचं काहीही घालत नाही, दिलेले बाइट तसेच्या तसे जातात. शेवटचा १० तुम्हीच द्यायचा तो याचमुळे. तो विसरलात तर व्हीएलसी ओळ पुरी होण्याची वाट पाहत बसतो आणि पुढची आज्ञा आधीच्या शब्दाला चिकटते.

मॅक्स, टचडिझायनर किंवा व्हीव्हीव्हीव्ही अशी पीडीसारखी साधनं वापरणाऱ्यांनाही हे लागू आहे. तिथे बहुतेकजण सवयीने ओएससी, म्हणजे अशी साधनं एकमेकांना आज्ञा पाठवतात ती पद्धत, वापरायला जातात. व्हीएलसीला ओएससी मुळात कळत नाही. मॅकवरच्या क्यूलॅब या प्रयोग चालवायच्या प्रोग्रॅमला कळतं, त्यामुळे तिथला अनुभव इकडे कामाला येत नाही. साधी टीसीपी जोडणी, साधा मजकूर, शेवटी ओळ मोडणं: जे साधन वापरता त्यात एवढं जमवायचं.

नेहमी लागणाऱ्या आणखी आज्ञा, प्रत्येकीच्या आधी सेंड धरून:

प्ले: ११२ १०८ ९७ १२१ १०
स्टॉप: ११५ ११६ १११ ११२ १०
नेक्स्ट, पुढची फाइल: ११० १०१ १२० ११६ १०
प्रेव्ह, मागची फाइल: ११२ ११४ १०१ ११८ १०
एफ ऑन, पूर्ण पडदा: १०२ ३२ १११ ११० १०

शेवटची आज्ञा व्हिडिओ दिसायला लागल्यावरच पाठवा. चित्राची खिडकीच नसेल तर मोठं काय होणार?

स्लायडरने आवाज

ठरलेले शब्द आकड्यांत लिहून ठेवता येतात, पण आवाजाची पातळी दर क्षणी बदलते. इथे आकड्यांतून अक्षरं आणि अक्षरांतून पुन्हा बाइट करावे लागतात. ऐकायला विचित्र आहे, पण साखळी सरळ आहे. वरून खाली अशी लावा.

उभा स्लायडर, त्याखाली गुणिले २, त्याखाली इंट. ही वायर एफ ऑब्जेक्टच्या उजव्या इनलेटला द्या. डाव्या इनलेटला मेट्रो ५० जोडा आणि त्याच्या डोक्यावर चालू-बंद करायला टॉगल. एफच्या खाली चेंज. त्याखाली मेकफाइलनेम, ज्याचा आर्ग्युमेंट टक्केचिन्ह आणि डी असा जोडून. पुढे लिस्ट फ्रॉमसिंबल. पुढे लिस्ट प्रीपेंड ११८ १११ १०८ ११७ १०९ १०१ ३२. पुढे लिस्ट अपेंड १०. पुढे लिस्ट प्रीपेंड सेंड, मग लिस्ट ट्रिम आणि शेवटी तेच नेटसेंड.

समजा स्लायडर १०० वर आहे. गुणिले २ ने २०० होतात. मेकफाइलनेम त्या संख्येचा सिंबल, म्हणजे अक्षरांचा एक तुकडा, बनवतं, लिस्ट फ्रॉमसिंबल त्याचे ५० ४८ ४८ असे तीन बाइट करतं. प्रीपेंड त्यांच्या आधी व्हॉल्यूम हा शब्द आणि मोकळी जागा लावतं, अपेंड शेवटी एंटर लावतं. व्हीएलसीला पोचते ती ओळ 'व्हॉल्यूम २००'. कुठल्याही पायरीनंतर प्रिंट जोडून हे स्वतः पाहा. साखळी अशी उघडी करून पाहण्याने जेवढं समजतं तेवढं वाचून समजत नाही.

गुणिले २ यासाठी की या इंटरफेसमध्ये २५६ म्हणजे शंभर टक्के आवाज. पीडीचा स्लायडर मुळात ० ते १२७ देतो, मिडी कंट्रोलरची, म्हणजे संगीतासाठीच्या बटणांच्या पेटीची, मूठही तेवढंच देते. दुप्पट केल्यावर वरचं टोक २५४ येतं, म्हणजे जवळजवळ शंभर टक्के. ५१२ पर्यंत आकडा स्वीकारला जातो, पण २५६ च्या पुढे आवाज फाटायला लागतो. मिडी असेल तर स्लायडरच्या जागी सीटीएलइन ७ ठेवा, बाकी काही बदलायचं नाही.

मेट्रो आणि चेंज वगळण्याचा मोह होतो. वगळू नका. स्लायडर एकदा वर नेला की डझनावारी मूल्यं बाहेर पडतात आणि व्हीएलसी प्रत्येकीवर काम करून उत्तरही पाठवतो. मेट्रोमुळे सेकंदाला जास्तीत जास्त वीस ओळी जातात, आणि हात स्थिर असेल तर चेंजमुळे एकही जात नाही. कानाला फरक कळत नाही.

सीकसाठीही, म्हणजे व्हिडिओत ठरावीक जागी उडी मारण्यासाठीही, हीच साखळी, फक्त प्रीपेंडचे आकडे ११५ १०१ १०१ १०७ ३२. मूल्य सेकंदांत आणि पूर्णांकात. फ्रेमवर अचूक उडी या मार्गाने होत नाही.

ठरावीक फाइल लावणं

प्रयोगात हेच सगळ्यात जास्त लागतं. ॲड ही आज्ञा फाइल यादीत घालून लगेच सुरू करते. मेसेजमध्ये सिंबल लिहा, मोकळी जागा सोडून फाइलचा पत्ता. तो लिस्ट फ्रॉमसिंबलमध्ये, पुढे लिस्ट प्रीपेंड ९७ १०० १०० ३२ आणि नंतरची शेपटी आधीसारखीच.

पत्ता लिहिताना फाइल हा शब्द, कोलन, तीन तिरप्या रेघा आणि मग फोल्डरचा मार्ग, या रूपात लिहा. विंडोजवर ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन तिसऱ्या रेघेनंतर. सगळ्या रेघा उजवीकडे झुकलेल्या, उलट्या रेघेला पीडीमध्ये वेगळा अर्थ आहे. हे रूप तिन्ही प्रणालींवर चालतं. फाइलींची नावं छोटी ठेवा, इंग्रजी अक्षरं आणि आकडे, मोकळी जागा नाही, स्वल्पविराम नाही, डॉलरचं चिन्ह नाही. क्रमांकाने सुरू होणारी नावं ठेवलीत तर प्रवेशाचा क्रमही लक्षात राहतो.

दोन सूचना रंगमंचासाठी. व्हीएलसी व्हिडिओ सुरू होताना फाइलचं नाव पडद्यावर दाखवतो. प्रेफरन्सेसच्या साध्या रूपात सबटायटल्स विभागात त्याची खूण असते, ती काढा. दुसरी पॉजबद्दल: व्हिडिओ पॉजवर असताना ॲडसह बऱ्याच आज्ञा व्हीएलसी नाकारतो आणि आधी पॉज लिहा म्हणून उत्तर देतो. शिवाय तीच आज्ञा थांबवतेही आणि चालूही करते, त्यामुळे पॅचला अवस्था लक्षात ठेवावी लागते. माझं मत स्पष्ट आहे, प्रयोगात पॉज वापरूच नये. प्रत्येक क्लिपच्या शेवटी पुरेसा काळा भाग संपादनातच जोडून घ्या आणि पुढच्या वेळी सरळ पुढची फाइल ॲड करा.

ध्वनी आणि चित्र एका कळीवर आणायचं तर की ऑब्जेक्ट घ्या, खाली सिलेक्ट ३२, म्हणजे स्पेसबार, आणि त्याखाली ट्रिगर बी बी. ट्रिगर उजवीकडून डावीकडे चालतो, म्हणून उजव्या बाजूला व्हिडिओची आज्ञा आणि डाव्या बाजूला ध्वनी. फाइल उघडून पहिलं चित्र दिसेपर्यंत क्षणभर जातो, म्हणून ध्वनीच्या वाटेत डिले ठेवा आणि त्याचा आकडा त्याच संगणकावर, त्याच फाइलवर, डोळ्यांनी पाहून ठरवा. ओठांची हालचाल किंवा तबल्याची थाप चित्राशी जुळायलाच हवी असेल, तर तो आवाज व्हिडिओच्या फाइलमध्येच घाला.

दुसऱ्या संगणकावरचा व्हीएलसी

प्रोजेक्टरजवळच्या संगणकावर व्हीएलसी असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये १२७.०.०.१ ऐवजी ०.०.०.०:४४४४ लिहा. पीडीच्या कनेक्टमध्ये त्या संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता द्या, घरगुती राउटरवर तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. विंडोजची फायरवॉल परवानगी मागेल तेव्हा फक्त प्रायव्हेट नेटवर्कला द्या. ॲडमधला फाइलचा पत्ताही त्या दुसऱ्या संगणकावरचा हवा, पीडीच्या संगणकावरचा नाही.

या मार्गाला पासवर्ड नाही. त्या नेटवर्कवरचा कुणीही अशीच एखादी ओळ पाठवून तुमचा व्हिडिओ बंद करू शकतो. सभागृहाच्या किंवा कॉलेजच्या सार्वजनिक वायफायवर हे कधीही उघडू नका. एक साधा राउटर, इंटरनेट न जोडलेला, आणि दोन इथरनेट केबली, एवढी व्यवस्था करा. राउटरमध्ये व्हिडिओच्या संगणकाला कायमचा पत्ता नेमून द्या, म्हणजे ऐन दिवशी तो बदलणार नाही.

जोडणी प्रयोगाआधीच करून ठेवा. समोरचा संगणक सापडत नसेल तर कनेक्ट करताना पीडी थबकतं आणि चालू आवाज तुटू शकतो. क्रम असा ठेवा: आधी राउटर, मग व्हीएलसी, मग पीडी. लोडबँगखाली डिले २००० ठेवून तो कनेक्टच्या मेसेजला जोडलात तर पॅच उघडल्यावर दोन सेकंदांत जोडणी आपोआप होते. व्हीएलसी मध्येच बंद पडला तर नेटसेंडच्या टॉगलमधली फुली जाते. तो टॉगल मोठा करा, पॅचच्या वरच्या कोपऱ्यात ठेवा आणि प्रयोगभर डोळ्यांसमोर राहील असं पाहा.